‘निधर्मी’ म्हणण्यापूर्वी

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



आयुष्यभर वृत्तपत्रात लिहिणाऱ्या माणसाला विशेषणांची भीती वाटू लागते. नाम चुकले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते; विशेषण चुकले तर ते माणसाला कायमचे चिकटते. आज अशाच एका विशेषणाविषयी बोलायचे आहे.

जे राज्य कोणत्याही उपासनापंथाचा पक्ष घेत नाही, त्याला काय म्हणावे? ज्या कामाचा उपासनेशी संबंध नाही, ते कोणत्या शब्दाने सांगावे? आणि जो माणूस पूजाअर्चा करीत नाही, त्याला काय म्हणावे? हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपण मात्र तिन्हींना ‘निधर्मी’ हे एकच उत्तर देऊन मोकळे होतो.

प्रथम राज्याचा विचार करू. १९४८ साली संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी ‘सेक्युलर’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला. त्याचा अनुवाद हिंदी प्रतीत ‘पंथनिरपेक्ष’ असा आहे, मराठी प्रतीत ‘धर्मनिरपेक्ष’ असा. एकाच संविधानाच्या दोन भाषांतील प्रतींमध्ये दोन शब्द! हा फरक किरकोळ नाही. आपल्या भाषेत धर्म म्हणजे केवळ उपासना नव्हे. राजधर्म, पुत्रधर्म, शेजारधर्म हे शब्द आपण सहज वापरतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पदार्थाचे ‘गुणधर्म’ असतात. धर्मादाय आयुक्तांकडे देवस्थानांबरोबर रुग्णालयांच्या आणि ग्रंथालयांच्या न्यासांचीही नोंद असते. राजधर्माची अपेक्षाच नसलेले राज्य कोणाला हवे आहे? म्हणून राज्यासाठी ‘पंथनिरपेक्ष’ हाच शब्द अधिक नेमका.

आता कामाचा प्रश्न. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धार्मिक आचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, राजकीय आदी व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तेथे ‘सेक्युलर’ हा शब्द मूळ मसुद्यापासूनच होता आणि हिंदी प्रतीत त्यासाठी ‘लौकिक’ हा शब्द योजला आहे. हा शब्द आपल्याला परका नाही. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच शब्दांचे लौकिक आणि वैदिक असे दोन वर्ग सांगितले. यात लौकिकाला कमीपणा नाही. व्याकरणाला दोन्ही सारखेच विचारार्ह. मराठीत पुढे ‘लौकिक’ म्हणजे कीर्ती असा अर्थ रूढ झाला आणि मूळ अर्थ मागे पडला. तरी ‘ऐहिक’ आणि ‘प्रापंचिक’ हे शब्द आहेतच. समर्थांनी दासबोधात प्रपंच नेटका करण्याचा आग्रह धरला, तो प्रपंचाला हीन मानून नव्हे.

सर्वांत नाजूक प्रश्न माणसाचा. ‘नास्तिक’ हा शब्द आपण ‘देव न मानणारा’ या अर्थाने वापरतो. मनुस्मृतीच्या लेखी मात्र नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. त्यामुळेच ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक दर्शनांत बसले, तर जैन आणि बौद्ध दर्शनांना नास्तिक म्हटले गेले. ईश्वर न मानणाऱ्याला समाजाबाहेर काढण्याची गरज त्या परंपरेला वाटली नाही.

ती गरज निर्माण केली इंग्रजी कायद्याने. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन वा ज्यू यांपैकी कोणीही नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. स्वतःची ओळख केवळ नकारांनी सांगायची! १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची त्यातून सुटका झाली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट सर्वांसाठीच संपली. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या सुमारे २८ लाख ६७ हजार होती. ते सारे निरीश्वरवादी होते असे मुळीच नाही. रकाना तेवढा रिकामा होता. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, शासन कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही आणि ‘मी कोणत्याही धर्माचा नाही’ असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे, असा निर्णय दिला.

आता ‘निधर्मी’ या शब्दाकडे पाहा. निकामी, निनावी यांतला ‘नि’ उणीव दाखवतो. धर्म म्हणजे ‘रिलिजन’ नव्हे, धर्म म्हणजे कर्तव्य आणि धारणा, असे आपण प्रत्येक बौद्धिकात ठासून सांगतो. मग जो माणूस देवापुढे हात जोडत नाही, पण वृद्ध आईवडिलांची सेवा करतो आणि शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जातो, त्याला निधर्मी कसे म्हणता येईल? आपलीच व्याख्या खरी असेल, तर हे विशेषण असत्य ठरते. आणि विशेषण खरे असेल, तर आपली व्याख्या केवळ व्यासपीठापुरती उरते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या पश्चात पारंपरिक क्रियाकर्मे होऊ नयेत अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यांना निधर्मी म्हणण्यास आपल्यापैकी कोणाची जीभ रेटेल?

तेव्हा माझी विनंती एवढीच. राज्याला पंथनिरपेक्ष म्हणा, व्यवहाराला लौकिक म्हणा, विचाराला इहवादी म्हणा. ईश्वर नाकारणाऱ्याला निरीश्वरवादी आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याला अज्ञेयवादी म्हणा. शंका असेल, तर त्या माणसालाच विचारा. मतभेद जरूर मांडा, कठोरपणे मांडा. पण ज्याचा धर्म त्याच्या आचरणात दिसतो, त्याचा तो धर्म एका उपसर्गाने काढून घेऊ नका. शब्द जपून वापरणे हाही वाणीचा धर्मच आहे.