विद्यार्थ्यांची यंत्रे आणि आपले रोजचे प्रश्न



दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्रांची प्रदर्शने भरतात. कोणी शेंगा फोडण्याचे यंत्र केलेले असते, कोणी जिना चढणारी हातगाडी. आपण जातो, मुलांचे कौतुक करतो आणि घरी येतो. पुढे त्या यंत्राचे काय झाले, हे विचारावयाचे मात्र राहून जाते. त्यांतले पुष्कळसे नमुने गुण मिळाल्यावर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आणि कोपऱ्यातून भंगारात जातात. एखादाच लोकांच्या घरापर्यंत पोचतो. हा फरक कशाने पडतो, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत यांत्रिक अभियांत्रिकीचा उच्च अभ्यास करणारा अ‍ॅमॉस विंटर नावाचा विद्यार्थी २००५ साली टांझानियाला गेला. तेथील अपंग माणसे कशाच्या आधारे हिंडतात-फिरतात, हे त्याला पाहावयाचे होते. त्याला दोन साधने दिसली. एक, रुग्णालयात असते तसली व्हीलचेअर. ती फरशीवर चालते. वाळूत, चिखलात किंवा चढावर रुतून बसते. दुसरे, हातांनी पायडल फिरवून चालवावयाची लांबलचक तीनचाकी सायकल. ही आपल्याही रस्त्यांवर आपण पाहतो. ती लांबचा पल्ला गाठते, पण घराच्या दारातून आत येत नाही. म्हणजे एक साधन माणसाला घरात डांबून ठेवी आणि दुसरे त्याला उंबऱ्याबाहेर सोडून देई. दोन्ही कामे करील असे एक वाहन हवे, आणि ते गरिबाला परवडले पाहिजे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

आता यातील यंत्रशास्त्र पाहा. खडबडीत वाटेवर जोर अधिक लागतो, सपाट वाटेवर वेग हवा असतो. मोटारीत यासाठी गिअर असतात. पण गिअर म्हणजे खर्च आला, आणि ते बिघडले तर खेड्यात दुरुस्त कोण करणार? या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी उत्तर काढले ते आपण शाळेत शिकलेल्या तरफेचे. खुर्चीच्या दोन बाजूंना दोन उभे दांडे. ते पुढे ढकलले की सायकलच्या साखळीमार्फत चाके फिरतात. मागे आणताना फ्रीव्हीलमुळे चाकाला अडथळा होत नाही. आणि आणखी मागे ओढले की ब्रेक लागतो. चढ आला तर दांडा वरच्या टोकाशी धरावा. टेकूपासून हात दूर जातो आणि जोर वाढतो. सपाट रस्ता आला तर हात खाली सरकवावा. तेवढ्याच हालचालीत चाक अधिक फिरते. यंत्रात काहीच बदलत नाही, बदलते ती हाताची जागा. गिअर बदलण्याचे काम माणसाचा हातच करतो!

चाके तीन ठेवली, त्यालाही कारण आहे. चार पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही. शिवाय फिरणारे सर्व भाग सायकलचे घेतले. सायकल दुरुस्त करणारा कारागीर जेथे आहे तेथे ही खुर्ची दुरुस्त होणार. किंमतही दोनशे डॉलरच्या आसपास राहावी, असे धोरण होते.

एवढे झाल्यावर आपल्याकडे बक्षीस मिळाले असते आणि विषय संपला असता. येथे खरे काम त्यानंतर सुरू झाले. पहिले नमुने पूर्व आफ्रिकेत ज्यांना रोज खुर्ची लागते त्यांच्या हाती दिले. त्यांनी तोंडावर सांगितले की बाहेर ही छान चालते, पण घरात ती जड आणि रुंद पडते. म्हणजे जो दोष काढण्यासाठी खटाटोप केला, त्याचाच अंश शिल्लक होता. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही गणिताने हे सांगितले नसते. मग वजन कमी केले, रुंदी कमी केली, आणि ग्वाटेमालात पुन्हा चाचणी घेतली. त्यानंतर जयपूर फूटसाठी प्रसिद्ध असलेल्या, १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या साहाय्याने आपल्या देशातही ती वापरून पाहण्यात आली. आता दांडे काढून खुर्चीलाच अडकवता येतात, आणि घरात ती साधी व्हीलचेअर होते.

कित्येकदा तर मूळ प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त काचपेटी करावयास सांगितली होती. त्यांच्यापैकी एक जण नेपाळला गेला, तेव्हा रुग्णालयात अशा पेट्या रिकाम्या पडलेल्या दिसल्या. बाळे जन्मत होती दूरच्या खेड्यांत, जेथे विजेचा भरवसा नाही. तेव्हा पेटी स्वस्त करून काय उपयोग? त्यांनी बाळाला गुंडाळण्याची एक पिशवी केली. तिच्यात मेणासारखा पदार्थ घालावयाचा. तो सुमारे ३७ अंशांवर वितळतो आणि गोठता गोठता चार-सहा तास तीच ऊब देत राहतो. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीचे काम या पिशवीने केले, तेही धुराशिवाय आणि बाळ भाजण्याच्या भीतीशिवाय.

हे सारे परदेशातच घडते असे समजू नका. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, हेच तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. शाळेत नापास झालेली मुलेही तेथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम शिकतात. बुद्धी आपल्याकडे आहे, हातही आहेत. उणीव आहे ती यंत्र करणारा आणि यंत्र वापरणारा यांची गाठ पडण्याची.

आणि ही गाठ घालून देणे केवळ प्राध्यापकांचे काम नव्हे, ते आपलेही आहे. परीक्षेसाठी तयार यंत्र बाजारातून विकत आणण्याची चाल पडली आहे, तिला मुलांइतकेच आपणही जबाबदार आहोत. कारण आपण त्यांना खरा प्रश्न कधी दिलाच नाही. आपल्या घरी पाय अधू झालेली आई असेल, पाठीवर ओझे वाहणारा शेजारी असेल, तर विद्यार्थ्यांना घरी बोलवा. उंबऱ्याची उंची आणि दाराची रुंदी त्यांना मोजू द्या. त्यांनी नमुना आणला तर महिनाभर वापरा, आणि भीड न धरता त्याचे दोष सांगा. नुसत्या शाबासकीने यंत्र सुधारत नाही. परीक्षकांनाही माझी विनंती आहे, की रेखाटने तपासून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: हे यंत्र ज्याच्यासाठी केले, त्याने ते वापरले काय, आणि तो काय म्हणाला?

उत्तर देता आले नाही तर गुण कापा. मुले रागावतील, पण पुढच्या वर्षीची मुले त्या माणसाच्या दाराशी जातील. उंबऱ्याच्या आत वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाला त्या दिवशी बाहेरचे जग पाहावयास मिळण्याची आशा आहे.