विल्यम कॅरींचं गाव

(वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विल्यम कॅरी हे नाव आपल्याला श्रीरामपूरमुळे ठाऊक आहे. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं श्रीरामपूर. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली आलं, कोश १८१० साली आणि मराठी नवा करार १८११ साली. आज मात्र मला त्यांच्या गावाबद्दल बोलायचं आहे.

गावाचं नाव पॉलर्सपरी. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात, टोस्टर या बाजारगावापासून जवळच. गावाशेजारून वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन लोकांनी बांधलेला रस्ता जातो आणि आजही त्यावर वाहनं धावतात. १०८६ च्या जमीनमोजणीच्या दफ्तरात गावाची नोंद 'पिरी' अशी आहे. पिरी म्हणजे नासपतीचं झाड. आपल्याकडे नाही का, आंबेगाव, जांभूळपाडा? पुढे पाव्हेली घराण्याच्या जमीनदारीमुळे नाव लांबत गेलं. संत याकोबाच्या चर्चमध्ये जुन्या काळच्या एका सरदाराचे आणि त्याच्या पत्नीचे ओकच्या लाकडात कोरलेले पुतळे आहेत. गरिबांचे पुतळे अर्थातच कोणी कोरले नाहीत.

कॅरी कुटुंब गरिबांतलं. मुख्य गावापासून थोडी बाजूला परी एंड नावाची वस्ती आहे, आपण जिला वाडी म्हणू. तिथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी एका विणकराच्या घरी विल्यमचा जन्म झाला. ते घर आता उभं नाही. विल्यम सहा वर्षांचा असताना वडिलांना, एडमंड यांना, गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून म्हणून नेमलं. माग सुटला आणि कुटुंब चर्चजवळच्या शाळेच्या घरात राहायला आलं.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच वळली. पोराच्या हाताशी पुस्तकं आली. परदेशातून परतलेले काका बागकाम करत आणि तिकडच्या गोष्टी सांगत. विल्यमची खोली झाडपाल्याने, किड्यांनी, पाखरांनी भरलेली असे. प्रवासवर्णनं वाचून तो इतकं बोले की पोरं त्याला कोलंबस म्हणून चिडवत. अंगाला ऊन सोसेना म्हणून शेतकामाऐवजी पिडिंग्टन गावी चांभाराच्या हाताखाली धाडलं, तरी वाचन सुटलं नाही.

आता दुसरी बाजू. ती आपण सभांमध्ये फारशी सांगत नाही.

१७८१ साली पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्यांचं डॉरथीशी लग्न झालं. नोंदवहीत कॅरींनी सही केली. डॉरथीने फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं. एकाच मुलखातली दोन गरीब माणसं. एकाच्या घरी शाळा आली, दुसरीच्या वाट्याला आली नाही. १७९३ मध्ये ती नाखुशीनेच, तान्ह्या बाळाला घेऊन भारतात आली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. तिचं मन ढळलं ते सावरलंच नाही. १८०७ साली ती श्रीरामपुरात वारली. नवरा कितीतरी भाषांची पुस्तकं छापत होता आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आपल्यापाशी काय आहे? मला तरी ती फुलीच आठवते.

वसतिगृहात प्रवेशाच्या दिवशी मी नोंदवही घेऊन बसतो. पाड्यावरचे बाप हल्ली जमेल तशी सही करतात. आई पदराला हात पुसते आणि अंगठा पुढे करते. तेव्हा मला पिडिंग्टन आठवतं.

म्हणून यंदा मुलांच्या वह्यापुस्तकांसोबत आणखी एक मागणं आहे. पाड्यावरच्या आयांसाठी रात्रीचा वर्ग सुरू करायचा आहे. पाट्या, पेन्सिली आणि दोन सौर कंदील लागतील. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकेल अशी कोणी भगिनी असेल, तर तिने उपासनेनंतर मला जरूर भेटावं.