आंबट आणि भांडें



बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ताक ठेवूं लागलें, कीं घरांतल्या वडीलधाऱ्या बायका हात धरीत. कारण विचारलें तर "कळकेल" एवढेंच त्यांचें उत्तर असे. त्या एका शब्दांत रसायनशास्त्राचा एक धडा आहे.

ताक, चिंच, लिंबू यांचा आंबटपणा अम्लाचा. जस्ताच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल ओतलें, तर हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात; जळती काडी जवळ नेतांच तो फट्‌दिशीं पेटतो, आणि भांड्यांत जस्ताचा क्षार विरघळून राहतो. तांबें मात्र सौम्य अम्लाला अशी दाद देत नाहीं. मग ताक कळकतें कसें? हवेंतला ऑक्सिजन प्रथम तांब्याला गांठतो, आणि त्यांतून झालेलें संयुग अम्ल विरघळवितें. तोच हा कळंक. पोटांत गेला कीं मळमळ व ओकारी. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो अम्ल व पितळ यांची गांठ पडूं देत नाहीं.

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तीवर लिंबाचा रस सांडला तर कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि झिलई उडते. तो डाग पुसून जात नाहीं.

अम्ल व अल्कली यांची गोष्ट अधिक नवलाची. हायड्रोक्लोरिक अम्ल आणि दाहक सोडा, दोन्ही कातडी जाळणारीं. योग्य प्रमाणांत मिळालीं कीं उरतें मीठ आणि पाणी. हें मीं वर्गांत मोठ्या हौसेनें शिकवीत असें. एके दिवशीं एका विद्यार्थ्याच्या हातावर अम्ल सांडलें, आणि त्यानें उतारा म्हणून दाहक सोड्याची बाटली उचलली. मीं ती हिसकावून त्याचा हात नळाखालीं धरला. त्या संयोगांत पुष्कळ उष्णता निर्माण होते, हें सांगावयाचें मींच विसरलों होतों. चूक त्याची नव्हती.

म्हणून एवढें ध्यानांत ठेवावें. अंगावर अम्ल पडल्यास उतारे शोधूं नयेत. निदान २० मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धुवावें व डॉक्टरांकडे जावें. मोरी धुण्याच्या अम्लांत ब्लीचिंग पावडर कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. सौम्य करावयाचें तर पाण्यांत अम्ल ओतावें, अम्लांत पाणी नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याला जें सांगावयाचें राहिलें, तें आज आपणांस सांगितलें.