कावळा आणि फांदी

(हीरक महोत्सवानिमित्त चेन्नई येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अध्यक्षांनी घेतलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी आज एका फुटलेल्या बरणीविषयी बोलणार आहे. विषय घरगुती आहे; परंतु त्या बरणीचे एक देणे माझ्याकडे राहिले आहे आणि ते फेडण्यास आजच्यासारखा दुसरा प्रसंग मिळणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना ती बरणी आठवत असेल. जाड काचेची, रुंद तोंडाची, शाळेच्या पहिल्या वर्षापासूनची. गणेशोत्सवात खिरापत तिच्यातून वाटली जाई. मी मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी, उत्सवाच्या आदल्या दिवशी, आमच्या शिपाईमामांनी ती धुतली, पुसली आणि व्हरांड्यातील टेबलावर ठेवली. ठेवताक्षणी ती तळापासून उकलली. मामा मूळचे तमिळभाषक, मराठी ते आपल्या शाळेतच शिकले. ते म्हणाले, "बाई, मी आपटली नाही. हातातच फुटली." मी म्हणाले, "हातातच फुटली म्हणजे काय? वस्तू कधी आपोआप फुटते का?" भोवती सातवीची मुले उभी होती. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी बरणीची किंमत म्हणून काही रक्कम कार्यालयात आणून दिली आणि मी ती ठेवून घेतली.

माझे शिक्षण भाषेचे. काचेचे शास्त्र मला ठाऊक नव्हते. ते कळले आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांमुळे. त्यांनी बरणीचे तुकडे टाकू दिले नव्हते. एके दिवशी त्यांनी तळाचा तुकडा उजेडात धरून मला दाखवला. फुटलेल्या कडेवर एका ठिकाणी आरशासारखा गुळगुळीत, लहानसा अर्धगोल होता आणि त्याच्यापासून खडबडीत रेषा किरणांसारख्या बाहेर गेलेल्या होत्या. "फूट इथून सुरू झाली," ते म्हणाले. त्या अर्धगोलाच्या मध्यावर एक ओरखडा होता आणि त्यात जुना मळ बसलेला होता. ताज्या भेगेत मळ कुठून येणार? ओरखडा त्या दिवसाचा नव्हताच. कदाचित आपल्यापैकीच कोणी पंचवीस वर्षांपूर्वी खिरापतीसाठी पळीने तळ खरवडला असेल!

काच अशी का वागते, याचा उलगडा ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केला. केसासारखे बारीक काचेचे तंतू जाड कांडीच्या मानाने कितीतरी पट अधिक ताण सहन करतात, असे त्याला आढळले. कारण हे की काच मोडते ती तिच्यातील सूक्ष्म भेगांपाशी. सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. भेग एका ठरावीक लांबीपर्यंत पोचेतो काही दिसत नाही. ती मर्यादा ओलांडली की उरलेला प्रवास क्षणात पुरा होतो. शिवाय काचेच्या भेगेत हवेतील दमटपणा शिरतो आणि पाण्याचे कण टोकाशी असलेले बंध हळूहळू तोडत राहतात. म्हणजे फडताळात स्वस्थ बसलेली बरणीसुद्धा आतून तुटत असते. आपल्या या शहरात दमटपणाची वाण कधीच नसते.

धातूची गोष्ट याहून नवलाची आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्करी कोठारांत बंदुकीच्या काडतुसांची पितळी आवरणे पावसाळ्यात आपोआप तडकत. कोणी ती झाडली नव्हती, पाडलीही नव्हती. ऋतूबरोबर येणारा म्हणून त्या दोषाला इंग्रजीत ऋतूचेच नाव मिळाले. काडतुसे अनेकदा घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेला लागे. पण नुसत्या अमोनियाने हे झाले नसते. आवरण ठोकून-ओढून घडवताना पितळेत जो ताण शिल्लक राही, तोच आतून ओढ देत असे. १९२१ च्या सुमारास याचे शास्त्रीय स्पष्टीकरण झाले. उपाय साधा निघाला: आवरण घडवून झाल्यावर ते बेताच्या उष्णतेवर तापवायचे, म्हणजे आतला ताण विरून जातो.

हे ऐकले तेव्हा मला आमच्या आजीचा पितळी हंडा आठवला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तो वर्षानुवर्षे उभा असे. एका पावसाळ्यात त्याच्या गळ्याशी उभी चीर गेली. घरात मोठी चौकशी झाली आणि आळ धाकट्या काकूंवर आला, कारण आदल्या दिवशी तो त्यांनी घासला होता. काकूंनी ते बोलणे जन्मभर मनात ठेवले. गळ्यापाशीच पत्रा सर्वांत अधिक ठोकलेला असतो आणि न्हाणीघराची ओल व मोरीची हवा त्याला रोज लागत होती. आज मला वाटते, काकूंचा दोष इतकाच की त्या त्या दिवशी तिथे होत्या.

चेन्नईकरांना याहून थोर उदाहरण घराजवळ पाहायला मिळते. एग्मोरचे सरकारी संग्रहालय १८५१ साली स्थापन झाले. तेथील कांस्यमूर्तींपैकी पुष्कळशा जमिनीत पुरलेल्या स्थितीत सापडल्या. शतकानुशतके मातीत राहिलेली मूर्ती वर काढल्यावर धडधाकट दिसते आणि मग कपाटात ठेवलेली असतानाच तिच्यावर फिकट हिरवी भुकटी उमटू लागते. जमिनीतील मिठाचा अंश धातूत लपून बसलेला असतो. दमट हवा लागली की तो जागा होतो, धातू खातो आणि त्यातूनच पुन्हा खाण्याचे साधन निर्माण करतो. १९३० च्या दशकात याच संग्रहालयात रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने हा क्षार बाहेर काढून मूर्ती वाचवण्याचे काम केले. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा आणि मूर्तींची ही दुखण्या-बरे होण्याची कथाही त्यांना सांगा.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात सांगते. बादलीची कडी, कढईचा कान, सायकलचा दांडा ही एका मोठ्या ओझ्याने क्वचितच मोडतात. लहान ओझे हजारो वेळा उचलल्याने मोडतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीचा कणा असाच मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. धातूही थकतो, हे तेव्हापासून अभियंते गांभीर्याने अभ्यासू लागले. गच्चीवरचे प्लॅस्टिकचे चिमटे हातात घेताच तुटतात, कारण उन्हातील अतिनील किरणांनी त्यांची लांबलचक रेणूसाखळी आधीच तुटलेली असते. आणि समुद्राकाठच्या आपल्या घरांत छताच्या गिलाव्याचा पोपडा अचानक कोसळतो, तेव्हा आतली सळई कित्येक वर्षे गंजत आलेली असते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि ती मिळवण्यासाठी काँक्रीट फोडतो.

म्हणून पालकांना काही विनंत्या. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत आज घरी गेल्यावर पाहा. वरून चांगली दिसते म्हणून ती वापरत राहू नका. पंख्याचा हूक आणि छतावरचे गंजाचे तांबूस डाग वर्षातून एकदा जाणकाराला दाखवा. छत फुगलेले दिसले तर त्याखाली मुलांना झोपवू नका. जाड काचेच्या भांड्यात उकळते पाणी ओतू नका. जाड काच अधिक टिकाऊ वाटते, पण उष्णतेपुढे तीच आधी तडकते, कारण तिची आतली आणि बाहेरची बाजू एकाच वेळी तापत नाही.

आता त्या देण्याविषयी. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो तुकडा दाखवला, त्याच दिवशी मी मामांना कार्यालयात बोलावले, रक्कम परत केली आणि क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "असू दे बाई." पण निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेतील काचेच्या वस्तूला हात लावला नाही, दुसऱ्या कोणाला तरी पुढे करीत. मी आरोप केला होता व्हरांड्यात, मुलांसमोर, आणि क्षमा मागितली ती दार लोटून. हा हिशेब जुळत नाही. म्हणून आज या भरल्या सभेत सांगते: बरणी मामांनी फोडली नव्हती. त्या दिवशीच्या सातवीतले कोणी येथे बसले असतील, तर त्यांनी आपल्या आठवणीत एवढी दुरुस्ती करावी. मामा आता आपल्या गावी असतात. स्मरणिकेची एक प्रत त्यांच्याकडे जाईल आणि हे पान त्यांना वाचून दाखवावे, असे मी त्यांच्या मुलाला कळवणार आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो; तरी प्रत्यक्षात प्रत्येक वेळी दगड कावळ्यालाच मारतो. आपल्या भाषेत निमित्त आणि कारण असे दोन वेगळे शब्द आहेत. भाषा शिकवण्यात जन्म गेला, पण त्या दोहोंतील अंतर मला एका काचेच्या तुकड्याने शिकवले. उद्या घरी आपले मूल मोडलेली वस्तू हातात घेऊन "आई, मी काही केले नाही" असे म्हणत समोर उभे राहील. ते कधी खोटेही असेल. पण बोलण्यापूर्वी मोडलेली कड एकदा उजेडात धरून पाहा.

आणि नववीतले एखादे हुशार मूल अचानक मागे पडते, रडते, शाळेत यायला नको म्हणते, तेव्हाही काल काय घडले एवढेच विचारून थांबू नका. जुना ओरखडा कुठे आहे, ते पाहावे लागते. काचेला सांगता येत नाही. मुलाला सांगता येते. ऐकणारे कोणी हवे. ते काम घराने आणि शाळेने मिळून करायचे आहे.