शिकाऱ्यांची संघटना आणि खाडीतले नावाडी



रबाळे, गोठिवली, तळवली, दिवा या गावांना संघटना म्हणजे काय हे शिकविण्याची आवश्यकता नाही. जमिनी गेल्यानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा सारा पट्टा उभा राहिला, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. ती संघटना हक्क मागणारी होती. आज विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रकारच्या संघटनेचा, जी प्रथम आपल्याच सभासदाला बांधून घेते.

त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे आहे शिकाऱ्यांचे! ऐकताना विचित्र वाटेल, पण ते बोलके आहे. पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना शिकारीस नेणाऱ्या व्यावसायिकांनी 1934 मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात आपला संघ स्थापन केला. फिलिप पर्सिव्हल हे त्याचे पहिले अध्यक्ष. नवख्याने अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करावी, हा त्या व्यवसायाचा दंडक. पाहुण्याच्या गोळीने जखमी झालेला रेडा वा सिंह झुडपात शिरला, तर पाहुण्याला मागे ठेवून व्यावसायिकाने स्वतः त्याच्या मागावर जायचे. नेम चुकला पाहुण्याचा, पण जोखीम यजमानाची. व्यवसायाची प्रतिष्ठा या एका नियमाने जेवढी वाढविली, तेवढी कोणत्याही जाहिरातीने वाढविली नसती. मे 1977 मध्ये केनिया सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि संघ विसर्जित झाला.

आपल्याकडेही हा धंदा होता. विद्याचरण शुक्ल यांची ‘ऑलविन कूपर’ ही कंपनी नागपुरातून मध्य भारताच्या जंगलांत अशा सफरी नेत असे. वनखाते शिकारीसाठी जंगलाचे ठरावीक भाग नेमून देई आणि परवान्यावर वाघ पडे. धंद्याचा युक्तिवाद एकच होता, परकीय चलन! 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणनेत देशभरात अवघे 1827 वाघ आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या उरल्यासुरल्या शिकारीचाही मार्ग बंद केला. ज्याच्यावर धंदा चालतो ते भांडवल किती शिल्लक आहे, हे धंदेवाल्यांनी स्वतः मोजले नाही. मोजले सरकारने, आणि मग निर्णयही सरकारनेच घेतला.

दक्षिण आफ्रिकेतील संघाची कथा अलीकडची आहे. 1978 मध्ये स्थापन झालेल्या त्या संघाने 2017 मध्ये बंदिस्त जागेत वाढविलेल्या सिंहांची शिकार काही अटींवर मान्य केली. अनेक जुने सभासद बाहेर पडले, नामिबियाच्या संघाने संबंध तोडले. सभासदसंख्या टिकविण्यासाठी नियम सैल केला की संख्याही जाते, ती अशी.

आता आपली खाडी. ठाणे खाडीचे सुमारे 17 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, 2022 मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीहून पक्षी दाखविणाऱ्या नौकाफेऱ्या निघतात. येथे बंदूक नाही, कॅमेरा आहे. परंतु पाहुण्याचा हट्ट तोच. ‘थोडे जवळ न्या, थवा उडू द्या, चित्र चांगले येईल!’ ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर हे पक्षी पोट भरतात. भरतीच्या पाण्यात होडी जवळ जाऊ शकते, पण पक्ष्याला टेकायला जागा थोडी उरते. म्हणूनच नेमक्या त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याचे बळ नावाड्याच्या अंगी हवे. एकट्याने नकार दिला तर पाहुणा शेजारच्या होडीत बसतो. सर्वांनी मिळून दिलेला नकार मात्र त्याला ऐकावाच लागतो.

नोंदणी अवघड नाही. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने सात जण पुरतात. सहकारी संस्था करावयाची तर 1960 च्या कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जण लागतात. कठीण आहे ती दुसरी गोष्ट. थव्यापासून किती अंतरावर इंजिन बंद करावयाचे, हे प्रथम लिहून काढले पाहिजे. आणि ते अंतर मोडणारा अध्यक्षाचा सख्खा भाऊ असला, तरी त्याची होडी किती दिवस किनाऱ्याला बांधून ठेवायची, तेही त्याच कागदावर, त्याच बैठकीत लिहावे लागेल.