पुरेपणाचे माप : राष्ट्राची सुस्थिती आणि येरवड्याचा वारसा
(अध्यक्षीय भाषण)

देशात वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे बाजारभावाने केलेले मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. १९३४ साली सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब सादर केला, तेव्हाच या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये असे बजावले होते. पुढे आकडा जगभर रूढ झाला आणि इशारा मागे पडला. बाजारात ज्याची किंमत होते तेवढेच या मापात उतरते. अपघातानंतरचे रुग्णालयाचे बिल त्यात जमा होते. घरातल्या आजाऱ्याची सेवा मात्र जमा होत नाही. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याच्या घरकामात सहभागी स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे खर्च करत होते. या श्रमांवर प्रत्येक घर चालते, पण राष्ट्रीय उत्पन्नात त्यांची नोंद नाही.

पर्यायी मापाचा विचार भारतात बाहेरून आलेला नाही. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी सुमारे २० रुपये काढले, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. या उत्पन्नात माणूस जगतो कसा, हा त्यांचा खरा प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी प्रांतोप्रांतीच्या तुरुंगांचे हिशेब तपासले आणि एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते ते मांडले. कैद्याला जे मिळते तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुण्यातील येरवड्याचा तुरुंग १८७१ मध्ये उभा राहिला, तो याच काळात. राष्ट्राच्या सुस्थितीला एक तळ असतो आणि कोणीही त्याच्या खाली असता कामा नये, हा विचार दादाभाईंनी आकड्यांत बसवला.

दुसरा विचार थेट येरवड्यातून निघाला. १९३० साली येथील तुरुंगातून महात्मा गांधी दर आठवड्याला साबरमती आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ही पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूपाने आली. अपरिग्रहावरील पत्रात त्यांनी मांडले की, खरी सभ्यता गरजा वाढवण्यात नसून त्या विचारपूर्वक आणि स्वेच्छेने कमी करण्यात आहे, आणि खरे सुख व समाधान त्यातूनच वाढते. येथे ‘स्वेच्छेने’ ही अट निर्णायक आहे. ज्याच्यापुढे पर्याय आहे त्याने गरजा आवरल्या तर तो संयम ठरतो. ज्याच्यापुढे पर्यायच नाही त्याच्या कमी गरजा ही वंचना असते. दादाभाईंनी तळ दाखवला आणि गांधीजींनी पुरेपणाची मर्यादा सांगितली. सुखाच्या कोणत्याही मोजमापाला या दोन्हींची गरज आहे.

पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी यातला पहिला धागा पुढे नेला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० कॅलरी मिळतील इतका आहार हा त्यांचा निकष होता. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरीपैकी सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीखाली होते. पुढे दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक असमतोल मोजताना सिंचन, रस्ते, वीज, पिण्याचे पाणी, शिक्षण आणि आरोग्य अशा प्रत्यक्ष सोयी मोजल्या आणि ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. उत्पन्न किती आहे याऐवजी माणसापर्यंत काय पोहोचले, हे विचारण्याची ही परंपरा आहे.

दुसऱ्या धाग्याला शासकीय रूप दिले ते भूतानने. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही कल्पना मांडली आणि २००८ च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. घटनेने आनंदाची हमी दिलेली नाही. आनंद शोधता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले आहे. भूतानचा निर्देशांक नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशकांवर उभा आहे. राहणीमान, आरोग्य आणि शिक्षण यांच्याबरोबर मानसिक स्वास्थ्य, वेळेचा वापर, शेजारधर्म व समाजजीवन, संस्कृती, पर्यावरण आणि सुशासनही त्यात येतात. प्रत्येक निर्देशकाला पुरेपणाची पातळी ठरलेली आहे. तिच्यापलीकडे कितीही संपत्ती साठली तरी गुण वाढत नाहीत. पातळीखालची व्यक्ती वर आली तरच वाढतात. कुबेराच्या भांडारात भर पडल्याने राष्ट्राची सरासरी फुगण्याचा धोका या रचनेत टळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ मध्ये या दृष्टीला मान्यता दिली आणि २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघू लागला. त्याची पद्धत सोपी आहे. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे, ते लोकांनी सांगायचे. २०१८ पासून २०२५ पर्यंत फिनलंड सतत पहिला आला. २०२५ मध्ये १४७ देशांत भारत ११८ वा होता. माणसाला स्वतःविषयी विचारणे हे या पद्धतीचे बळ आहे. मात्र अमर्त्य सेन यांनी अशा मोजमापाच्या मर्यादेवर बोट ठेवले आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस अपेक्षाच कमी करतो आणि थोडक्यात समाधान मानू लागतो. असे समाधान राष्ट्राच्या यशात जमा केले तर अन्यायालाच प्रमाणपत्र मिळते. म्हणून शिडीवरचे उत्तर आणि प्रत्यक्ष सोयींची नोंद शेजारी शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

कोणाला विचारले जाते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. १९९० च्या सुमारास भूतानमधून सुमारे एक लाख नेपाळीभाषक बाहेर पडले. पुढच्या कोणत्याही आनंद-सर्वेक्षणात त्यांचा आवाज आला नाही. भारतातही शिक्षा भोगणारे कैदी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहतात. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि शंभर वर्षांहून जुने प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. घराशी नाते तुटलेल्या रुग्णापर्यंत घरोघरचे सर्वेक्षण पोहोचत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळला आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. सर्वांत दुःखी माणसे वगळून काढलेली सुखाची सरासरी खरी असू शकत नाही.

नवे माप निर्णय कसा बदलू शकते, याचे उदाहरण येरवड्याच्या वस्त्यांत आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात येथील घरे जागच्या जागी बांधण्याचा मार्ग निवडला गेला. महिला मिलन या संघटनेच्या स्त्रियांनी रहिवाशांशी बोलणी केली, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी आराखडे केले, सुमारे २७० चौरस फुटांची घरे जुन्या गल्ल्यांतच उभी राहिली आणि खर्चाचा १० टक्के वाटा कुटुंबांनी उचलला. याच कुटुंबांना शहराच्या कडेला उंच इमारतींत हलवले असते, तर सिमेंट, पोलाद आणि रोजचा प्रवास मिळून उत्पादनाचा आकडा कदाचित मोठा दिसला असता. शेजार टिकला, काम जवळ राहिले, मुलांची शाळा सुटली नाही, हे त्या आकड्यात कोठेही दिसत नाही. वेळ आणि समाजजीवन मोजणाऱ्या निर्देशांकात ते ठळक दिसते.

यावरून महाराष्ट्रापुरती दिशा निश्चित होते. राज्याच्या आर्थिक पाहणीत उत्पादनाच्या आकड्यांबरोबर सुस्थितीचे स्वतंत्र प्रकरण असावे. त्याची मांडणी जिल्ह्याच्या सरासरीवर न थांबता तालुका आणि प्रभागापर्यंत जावी, कारण एकाच येरवड्यात संगणक उद्यान, झोपडवस्ती, तुरुंग आणि मनोरुग्णालय आहे आणि या चारही ठिकाणांची सरासरी कोणाचेच जीवन सांगत नाही. तुरुंग, रुग्णालये आणि निवारागृहे यांतील माणसांची स्वतंत्र पाहणी व्हावी. प्रत्येक निर्देशकाचा तळ आधी जाहीर करावा आणि अंदाजपत्रकातील निधी त्या तळाखालच्या लोकसंख्येनुसार वाटावा. उत्पादनाचा हिशेब टाकून देण्याचे कारण नाही. शाळा आणि दवाखान्यांसाठी लागणारा पैसा त्यातूनच येतो. ते साधन आहे आणि माणसाचे पुरेसे, स्वतः निवडलेले, निर्भय जीवन हे साध्य आहे. राज्याने आपले यशापयश या साध्यावर ठरवावे.