स्वतःच स्वतःची साथ



माझा एक जुना विद्यार्थी आज डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षक आहे. कॉलेजात असताना गॅदरिंगला तो गिटार वाजवी. आता त्याच्या गावात भजनाला पखवाज आहे, टाळ आहेत. पण गिटारीला साथ करील असे कोणी नाही. मागच्या दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, "सर, गिटारीचं यंत्र घ्यायचंय, लूपर असलेलं. एकात ३० सेकंद मिळतात, दुसऱ्यात ३२. मग ३२वालंच बरं ना?" साठवलेल्या पगारातून घ्यायची वस्तू, तेव्हा उत्तर विचार करूनच देणे भाग होते.

आधी हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू. विजेच्या गिटारीचा आवाज तारेतून एका डब्यात जातो. तिथे त्याला घुमारा देता येतो, प्रतिध्वनी देता येतो, तो खरखरीतही करता येतो. असे अनेक संस्कार एकाच डब्यात असले, की त्याला मल्टी-इफेक्ट म्हणतात. लूपर हा त्यातलाच एक भाग. पायाने कळ दाबा आणि वाजवा. पुन्हा दाबली, की वाजवलेला तुकडा आपोआप फिरून फिरून वाजू लागतो. आता त्याच्यावर तुम्ही दुसरे काही वाजवा. तुमची साथ तुम्हीच करता आहात! घरची गिटार साधी लाकडी असेल, तर मात्र आधी तिला पिकअप बसवून घ्यावा लागेल, नाहीतर डब्याला आवाज मिळायचाच नाही.

कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेत लेस पॉल या वादकाने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत स्वतःच्याच वादनाचे थर एकावर एक चढवले होते. पुढे टेपयंत्रे आली, आणि जे काम खोलीभर सामानाने होई ते आता दप्तरात मावते.

आता त्या सेकंदांचा हिशेब. बॉस कंपनीच्या जीटी-१ मध्ये ३२ सेकंदांचा लूपर आहे, झूमच्या जी-१ फोरमध्ये ३० सेकंदांचा. फरक दोन सेकंदांचा. पण मात्रेला एक सेकंद या लयीत त्रिताल धरलात, तर एक आवर्तन १६ सेकंदांचे. ३२ सेकंदांत दोन आवर्तने नेमकी बसतात; ३० मध्ये दुसरे आवर्तन समेआधीच तुटते. म्हणजे माझा विद्यार्थी बरोबर होता की काय? तसे नाही. त्याला भजनी ठेका हवा, आठ मात्रांचा. तो याच लयीत ३० सेकंदांत तीनदा सुखाने येतो, आणि साथीला एकदा आला तरी पुरतो, कारण पुढे तो फिरणारच आहे. उलट, विलंबित एकतालात मात्रेला चार सेकंद दिलेत, तर आवर्तन ४८ सेकंदांचे होईल. तिथे दोन्ही डबे सारखेच अपुरे! लांब आवर्तन हवे असेल, तर नुसता लूपर वेगळा मिळतो. बॉसच्याच आरसी-१ मध्ये १२ मिनिटे मावतात, आणि वीज गेली तरी तुकडा पुसला जात नाही. डब्यातल्या लूपरमध्ये बहुधा यंत्र बंद केले, की सारे गेले.

माझ्या मते सेकंदांपेक्षा पाय महत्त्वाचा. मी स्वतः पहिल्यांदा असा तुकडा भरला, तेव्हा दर फेरीला समेपाशी एक ठेच लागे. अर्धा तास यंत्राला दोष दिला. शेजारी तबला वाजवणारे एक गृहस्थ आहेत. ते शांतपणे मात्रा मोजत बसले आणि म्हणाले, "प्राध्यापक, यंत्र ठीक आहे. तुमचा पाय उशिरा पडतो." सोबत्याने चूक सांभाळून घेतली असती; यंत्र ती जशीच्या तशी शंभरदा ऐकवते. जी-१ फोरमध्ये तालाचे ६८ नमुने आहेत, आणि ताल लावून तुकडा भरला तर पायाची थोडी चूक यंत्र सुधारून घेते. एकट्याला ही मोठीच सोय! (आमचे शेजारी मात्र याला लबाडी म्हणतात.) जीटी-१ ला तीन कळा आहेत आणि पायाने मागेपुढे करायची पट्टीही, आवाज बदलत वाजवणाऱ्याला ते सोयीचे.

दुकानात गेलात, तर आणखी एक गोष्ट करून पाहा. तुकडा फिरत असताना गिटारीचा आवाज बदला. काही यंत्रांत साथ तशीच चालू राहते, काहींत आवाज बदलताच ती बंद पडते. साथीचा आवाज मऊ आणि वरच्या चालीचा टोकदार हवा असेल, तर घोडे इथेच अडते.

शाळेत वीज जाते, हेही विद्यार्थ्याने विचारले. हे दोन्ही डबे चार पेन्सिल सेलवर चालतात.

त्याने शेवटी ३० सेकंदांचाच घेतला, तालासाठी. परवा त्याचा फोन आला. परिपाठाच्या वेळी चौथीतली एक मुलगी त्याच्या पायाशी बसून मोठ्याने मात्रा मोजते, आणि आठ झाले, की "सर, आता!" म्हणून ओरडते. तो आवाज गिटारीच्या तुकड्यात येत नाही, याचे तिला फार वाईट वाटते, असे तो म्हणाला.